फरशीवरचा वाल

जिंतूर,
ता. २४ जून १९८५

ती. आक्काच्या सेवेशी,
किशनचा पायांवर डोकं ठेवून शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही दोघं खुशाल. एसटी स्टँड आहे तिथंच आहे आणि आपलं हॉटेलही. तुमच्याकडची खुशाली, तुझी पत्रं लिहून देणाऱ्या विमलाबाईंना जरा मोकळ्या हाताने लिहायला सांग. मास्तरांच्या घरात शाईला काय तोटा? मागचं कार्ड निम्मं कोरं आलं होतं.

आता मुद्द्याचं. तू दिलेलं बी काल लावलं. पुडी सोडली तर अकरा बिया निघाल्या. काळ्याभोर, तुपाचा हात लावल्यासारख्या चकचकीत, आणि कडेला पांढरी टिकली. हॉटेलातले सहा रिकामे तेलाचे डबे घेतले, तळाला खिळ्याने भोकं पाडली, ओढ्याची माती आणि शेणखत भरलं, आणि अंगणातल्या शहाबादी फरशीवर ओळीने मांडले. सुमन म्हणाली, अंगण आता घासलेटच्या दुकानासारखं दिसतं. दिसू दे.

चैत्रात तुला न्यायला आलो तेव्हा तू चार बायकांसमोर जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. माझ्या फरशीच्या अंगणात काही उगवत नाही, आणि जिथं काही उगवत नाही त्या घरात तू राहणार नाहीस. आईचा वाल मी माझ्या अंगणात चढवला आणि संक्रांतीच्या आत त्याच्या शेंगांची भाजी तुझ्यापुढे ठेवली, तर तू गाठोडं बांधून कायमची आमच्याकडे येणार. नाही ठेवली, तर मी पुन्हा जन्मात हा विषय काढायचा नाही. आक्का, आई गेल्यावर तू मला कडेवर घेऊन सासरी गेलीस. दाजी गेल्यालाही बारा वर्षं झाली. तू तिथं एकटी आणि मी इथं गावभराला चहा पाजतो, हे मला बरं वाटत नाही. म्हणून पैज घेतली.

फक्त एक अडचण. पांढरी टिकली वर ठेवायची की खाली? गंगाखेडच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला वर, त्याचा कंडक्टर म्हणाला खाली, आणि दोघांची त्यावरून जुंपली, गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली. मी सहा वर ठेवल्या, पाच खाली. उलट टपाली खुलासा कर.

माया आहेच, ती बियांनाही थोडी पाठव.
तुझा,
किशन

---

लिंबेवाडी, पालमजवळ,
५ जुलै १९८५

चि. किशनला आक्काचा पोटभर आशीर्वाद. सुमनलाबी सांग.

विमला म्हनली, शुद्ध करून लिहू का. मी म्हनले, जसं तोंडातून निघंल तसंच लिही, न्हाईतर त्याला वाटंल दुसऱ्याच बाईचं पत्र आलंय.

टिकली वर का खाली म्हनून इच्चारायलास. आरं, बी कसंबी पडलं तरी कोंब वरच येतंय. त्याला तुझ्या कंडक्टरची शिट्टी लागत न्हाई. पर तू रोज माती उकरून बघायला असशील, ही माझी खात्री हाय. ल्हान होतास तवा अंड्यावरची कोंबडी उठवून बघायचास. उकरू नको.

इकडं पाऊस बरा हाय. पत्र्यावर वाजतोय त्याच्यावरून कळतंय. माझे गुडघे लय तकलीफ द्यायलेत. वैद्यानं कवचबिया दिल्यात, त्या दुधात शिजवून रोज खायले. अजून काई फरक न्हाई. चैत्रात तू आलास तवा तुझ्या तोंडावरनं हात फिरवला, गाल भरल्याले लागले. सुमन नीट बघती तुला, एवढं बरं.

वाल नीट आला तर माझं गाठोडं बांधायला मीच बसंन. पर तू काई शेतकरी न्हाईस बाबा. माझी फिकीर नको करू. फिकीर वालाची कर.

आठवण ठिवा, मी तर ठिवतेच.
आक्का

---

जिंतूर,
१८ ऑगस्ट १९८५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

अकरापैकी नऊ उगवले! टिकली वर ठेवलेले पाच आणि खाली ठेवलेले चार. म्हणजे ड्रायव्हर जिंकला की कंडक्टर, ते त्या दोघांना अजून कळलेलं नाही. सुतळ्या ताणून बांबूचा मांडव केला. पानं तीन-तीनच्या झुबक्यात, हिरवीगार, आता माझ्या तळहाताएवढी. कोवळ्या शेंड्याला तांबूस झाक आहे.

पण आक्का, वेल उलटा चालला आहे. म्हणजे असं: आपण देवळात जसे फिरतो तसा तो बांबूभोवती फिरत नाही. बांबू डाव्या हाताला ठेवून फिरतो, अप्रदक्षिणा! हे आधी सुमनच्या लक्षात आलं. डबे तुळशीवृंदावनाच्या शेजारी आहेत आणि तुळशीशेजारी रोज उलट्या फेऱ्या घालणारं काही घरात ठेवणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. मग मी रोज सकाळी नऊही वेल सोडवून सुलट्या बाजूने गुंडाळतो. संध्याकाळी बघावं तर शेंडे सुटून पुन्हा उलटे. दोन शेंडे मोडले. काल मी त्यांना सुतळीने बांधून ठेवलं, तर सकाळी गाठीच्या वरून उलटा वेढा!

हॉटेलात विचारलं. एक म्हणाला, माती दक्षिणेकडची असेल. दुसरा म्हणाला, तेलाच्या डब्याचा गुण. तिसऱ्याने सांगितलं, घरधनी ज्या हाताने पाणी घालतो त्यावर असतं, डाव्या हाताने घालून बघा. तेही केलं, चप्पल भिजली. मी तीस वर्षं माणसं ओळखत आलो, कोण उधार मागणार ते त्याच्या खोकण्यावरून सांगतो. पण या वेलाच्या मनात काय आहे ते मला कळत नाही. आपल्या आईचा वालही असाच फिरायचा का? की मी लावताना काही चुकलो?

तुझी माया सुलट आहे, ती तशीच राहो.
किशन

---

लिंबेवाडी,
१ सप्टेंबर १९८५

चि. किशनला आशीर्वाद.

तुझं पत्र विमलानं वाचलं आन आमी दोघी पोट धरून हासलो. मास्तर बाहीर आले काय झालं म्हनून. आरं येड्या, सगळे वेल तसेच फिरतेत. वेल काय देवाला निघालाय का? सोड त्याला. सुमनला म्हनावं, देवानंच तसा फिरवलाय, मग देवाला चालतंय.

उगंच नुसतं बघत बसू नको, हातानं वळख. कोंब दोन बोटांत हळू धर, कुटं वळायलाय ते बोटाला कळतंय. आईच्या वालाचं पान चुरगाळलं की उग्र वास येतो, नाकात बसतो. फुलाचा दांडा ताठ उभा ऱ्हातो, त्याच्यावर हात फिरवला तर फुलं पायऱ्यावानी लागतेत. शेंग चपटी, कडंला खरबरीत, आन हाताला जरा चिकट. लक्षात ठिव.

माझं बरं हाय. जास्त काय लिहू.

माया कमी करू नको, पानी कमी कर.
आक्का

ता. क. किशनराव, मी विमला. हे आक्कांना वाचून दाखवलेलं नाही. हल्ली आक्का विहिरीवर जाताना कुंपणाला हात लावत, कडेकडेने जातात. विचारलं तर म्हणतात पाय घसरतो. आपल्या कानावर असावं म्हणून लिहिलं.

---

जिंतूर,
७ नोव्हेंबर १९८५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. मध्यंतरी नामांतराच्या मोर्च्यामुळे गाड्या बंद होत्या आणि मग दसऱ्याची गर्दी. दिवाळीतही स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे या वर्षी भाऊबीजेला येणं होत नाही. रागावू नको. पालमच्या कंडक्टरबरोबर दोन वस्तू पाठवल्या आहेत. एक अंजिरी रंगाचं लुगडं, हिरव्या काठाचं. सुमनने तीन दुकानं पालथी घालून निवडलं, कसं दिसतं ते कळव. दुसरी, मुठीला पितळ बसवलेली काठी. तुझे गुडघे बरे नाहीत ते मला कळलं. कुणाकडून कळलं ते विचारू नकोस, माझे कान लांब आहेत.

वेल आता मांडवावर मावत नाही. फुलं आली! पण पुन्हा गोंधळ. तू लिहिलंस की दांडा ताठ उभा राहतो. माझी फुलं खाली लोंबतात, द्राक्षाच्या घडासारखी, आणि रंग वांग्यासारखा गडद जांभळा. दिसायला इतकी सुंदर की स्टँडमास्तर बायकोला घेऊन बघायला आले. पान चुरगाळलं, वास घेतला. साधा पाल्याचा वास. मग वाटलं, माझंच नाक तीस वर्षं भज्यांच्या तेलात गेलंय, त्याला काय कळणार. पाणी जास्त झालं म्हणून फुलं माना टाकतात का? डबा लहान पडला का? की फरशीच्या तापाने वालाचा स्वभाव बदलला? मी दोन घडांना काडीचा टेकू देऊन उभं केलं आहे. तू सांग, हे बरोबर आहे का?

वालावर आणि आमच्यावर नजर असू दे.
किशन

---

लिंबेवाडी,
१७ नोव्हेंबर १९८५

चि. किशनला भाऊबीजेचा आशीर्वाद. आरती चंद्राला ववाळली, तुझ्या वाट्याची.

लुगडं पोचलं. पोत लय मऊ हाय, घडी मोडली तसा नव्या कापडाचा वास घरभर सुटला. सुमनला म्हनावं जीव लावून निवडलंय. काठी कशाला पाठवलीस? मी काय म्हातारी झाले? कोपऱ्यात उभी केलीया.

फूल लोंबतंय म्हनतोस, ते काई मला पटंना. आईचा वाल मी चाळीस वर्सं लावायले. त्याचं फूल कवाच मान खाली घालत न्हाई. तूच काईतरी केलंस. युरिया घातलास का? खरं सांग. मी माझ्या हातानं, माझ्या गाडग्यातनं बी काढून दिलंय, बी चुकणार न्हाई. चुकला आसशील तर तूच. काड्या काढून टाक. फुलाला टेकू द्यायचा असतोय का कुटं!

संक्रांत दोन महिन्यावर हाय. शेंगा आल्या न्हाईत तर कबूल कर आन गप बस. मला माझं घर बरं हाय.

राग न्हाई, पर बोलनं तर मोठ्या भैनीचंच.
आक्का

---

जिंतूर,
२३ डिसेंबर १९८५

ती. आक्कास नमस्कार. शिरसाष्टांग घालायला वाकता येत नाही, का ते पुढे वाच.

शेंगा आल्या. घडाघडाने. बोटाएवढ्या, वाकड्या, आणि अंगावर सोनेरी-तपकिरी मखमल. मखमल, आक्का! मी म्हटलं, आईच्या वालाने जिंतूरला येऊन शालू नेसला. काल रविवारी पहिली तोडणी करायची, भाजी करून आजच्या गाडीने तुझ्याकडे यायचं, असा बेत. स्टँडवरची दहा-बारा मंडळी बोलावली. मी बाही वर करून घडाला हात घातला, ओढला, छातीशी धरला.

पुढचं लिहायला लाज वाटते. आधी हाताला, मग मानेला, मग सदऱ्याच्या आत. मी अंगणात नाचतोय हे बघून दोघं मदतीला धावले, तेही नाचायला लागले. सुमनने पाणी ओतलं, त्याने आग वाढली. वाऱ्याने मखमल हॉटेलात गेली. परभणीच्या गाडीचे उतारू चहा टाकून खाजवत गाडीत चढले आणि गाडी सुटेपर्यंत मला काय काय म्हणाले ते माझ्या कानांनी ऐकलं.

शेवटी वैद्य अनंतराव आले. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि ओट्यावर बसून हसले. म्हणाले, किशनराव, ही खाजकुयली. रानात कुंपणाला असते. लोक हिला उपटून जाळतात आणि तुम्ही सहा महिने तेलाच्या डब्यात घालून पोसलीत. तिच्या बिया औषधी, म्हणून कवचबी म्हणतात, पण मांडव घालून लावणारा तुमच्यासारखा पहिलाच! मग शेण चोळलं, अंघोळ केली, आज जरा बरं आहे.

आक्का, मी धंद्यातला माणूस आहे. मला फसवलेलं कळतं. वाल आला तर यावं लागेल म्हणून तू वाल दिलाच नाहीस. मी सहा महिने स्वतःला मूर्ख समजत होतो. वेल उलटा का, फुलं खाली का, माझंच काय चुकलं. आणि तू तिथं विमलाबाईंबरोबर पोट धरून हसत होतीस. चेष्टा चांगली झाली, मीही हसलो. पण खरं सांगू, थोडं लागलंही. यायचं नव्हतं तर तोंडावर नाही म्हणायचं होतंस. मी काय तुला बांधून आणणार होतो?

बी तूच बदललंस, म्हणून नियमाने पैज मी जिंकलो, असं स्टँडवर सगळ्यांचं मत आहे. उत्तर पाठव.
खाजरा पण तुझाच,
किशन

---

लिंबेवाडी,
३० डिसेंबर १९८५

चि. किशनला आशीर्वाद.

मी तुला फसवलं न्हाई. आईची आन.

पैज तू हारलास. मी येत न्हाई. पुन्हा हा विषय काढायचा न्हाई, हे तुझंच बोलनं हाय.

आक्का

ता. क. मी विमला. तुमचं पत्र ऐकून आक्कांनी उतरंडीची सगळी गाडगी खाली काढायला लावली आणि दिवसभर एकेका गाडग्यात हात घालून बसल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, यात वाल कुठला ते तू बघून सांग. मी सांगितलं. ज्यातल्या बिया त्या चैत्रापासून गुडघ्यासाठी दुधात शिजवून खात होत्या, तो वाल होता. आता मोजून चौदा दाणे उरले आहेत. तुम्हाला दिलेल्या पुडीत औषधाच्या बिया गेल्या. त्यांनी मला जास्त लिहायची शपथ घातली आहे. मी जास्त लिहीत नाही.

---

जिंतूर,
५ जानेवारी १९८६

ती. आक्कास,
किशनचा नमस्कार.

तुझं कार्ड आलं, पाच ओळींचं. मग मी तुझी गेल्या वर्षातली सगळी पत्रं काढली आणि गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईक सोडून, पुन्हा वाचली. विमलाबाईंनी शपथ पाळली आहे, त्यांना बोलू नकोस. मला तुझ्याच पत्रांनी सांगितलं.

आक्का, त्यात एकही रंग नाही. पाऊस पत्र्यावर वाजतो. पानाचा वास येतो. शेंग हाताला चिकट लागते. मी अंजिरी लुगडं पाठवलं, हिरवा काठ लिहिला, कसं दिसतं ते कळव म्हणालो. तू पोत कळवलास, वास कळवलास. आणि चैत्रात तू माझ्या तोंडावरून हात फिरवलास तेव्हा मला वाटलं, आक्काला माया आली. दोन दिवस तुझ्यासमोर बसून जेवलो. तू मला वाढलंस. मला काही कळलं नाही. माझ्या कानांचं स्टँडवर कौतुक होतं. मग मी गुडघ्यांसाठी काठी पाठवली आणि स्वतःवर खूश झालो. आणि वर तुला लबाड म्हणालो. ते पत्र फाडून चुलीत घाल.

पैज मी हरलो. घरी चल हा विषय काढत नाही, शब्द म्हणजे शब्द. दुसराच विषय काढतो. या महिन्यात अठरा तारखेला परभणीला डोळ्यांचं शिबिर आहे. मोतीबिंदू असेल तर काढतात, दुसरं काही असेल तर तसं सांगतात. काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि होईलच बरं असं खोटं सांगायलाही मी धजत नाही. तू फक्त हो म्हण. मी न्यायला येतो. कुणाला सांगणार नाही. स्टँडवर विचारलं तर गुडघे दाखवायला आलीय म्हणेन.

वाचून विमलाबाईंना लगेच उत्तर सांग. मला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येईनासं झालंय.
किशन

---

लिंबेवाडी,
९ जानेवारी १९८६

चि. किशनला लय लय आशीर्वाद.

तुला कळलं ते बरं झालं. लपवून लपवून मी थकले होते. एक डोळा दोन वर्सांपासनं गेल्यातच जमा हाय, दुसऱ्यातनं धुराड्यातनं बघावं तसं दिसतंय. म्हनलं हात हायेत, नाक हाय, काय अडतंय. पर आईचा वाल हातानं वळखला न्हाई. ते कळलं त्या दिसापासनं मला हितं भ्याव वाटायलंय.

तू म्हनशील, मग जिंतूरला का नको म्हनालीस. माझं घर मला पाठ हाय किशन. चुलीपास्नं दारापत्तूर नऊ पावलं, दारापास्नं विहिरीपत्तूर कुंपन. हितं मी आंधळी न्हाई. तुझ्या घरात मी भिंत चाचपत फिरले असते आन तुझी गिऱ्हाइकं म्हनली असती, किशनरावाची ती आंधळी भैन. तुला कडंवर घेऊन नेलं, त्याच्या कडंवर बसून यायचं मला नको होतं. म्हनून पैज लावली. वाटलं, तुला काई जमत न्हाई.

शिबिराला येते. पर माझी अट ऐक. डोळे आले, तर मी परत माझ्या घरी. मग मी एकटी बरी, तुमी सनासुदीला या. आन न्हाई आले, तर गाठोडं बांधून कायमची तुझ्याकडं. मग लोक काय म्हनायचं ते म्हनोत. आता देवाला काय मागायचं ते तूच ठरीव.

विमला रडायलीय, अक्षर बिघडलं आसंल तर तिचं.

माया आसू दे, ती हाय म्हनून तर आट घालता येती.
आक्का

---

जिंतूर,
१२ जानेवारी १९८६

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

हे कार्ड आधी पोचतं की मी, सांगता येत नाही. मंगळवारी, संक्रांतीलाच येतो, सकाळच्या गाडीने. विमलाबाईंना म्हणावं अंथरुणाची एक वळकटी बांधून ठेवा, शिबिरात आठ दिवस राहावं लागेल. सुमन तुझ्याजवळ राहणार आहे. हॉटेल बंद ठेवतो, लोक एक आठवडा चहावाचून मरत नाहीत.

तू मला चांगलंच अडकवलंस. काल पत्र वाचून तडक मारुतीला गेलो, नारळ हातात. सगळं आयुष्य देवापुढे उभं राहून खटाखट मागत आलो, मला कधी शब्द शोधावा लागला नाही. काल शोधला तरी सापडेना. तू यावीस म्हणून एक वर्ष धडपडतोय, आणि ते मागायचं तर काय मागावं लागतंय ते तोंडातून निघेना. आणि दुसरं मागायला तोंड उघडलं की रिकामी खोली दिसायची, सुमनने तुझ्यासाठी सारवून ठेवलेली. नारळ तसाच घेऊन परत आलो. पुजारी बघतच राहिला.

आज पुन्हा गेलो. सुमनला बरोबर नेलं, म्हणजे मागे फिरता येऊ नये. तिच्या देखत मोठ्याने मागितलं आणि नारळ फोडला. आक्का, मी तुझे डोळे मागितले. आवाज जरा बसला होता, पण मारुतीला ऐकू गेला असेल.

परत लिंबेवाडीला सोडायलाही मीच येईन. जाताना खिडकीजवळ तू बस.

तुझा,
किशन